लीड्सचं पॅरिश चर्च (१८४१): आधी इमारत वाढवली, मग पॅरिशच तोडली

गावकूस

व्हिक्टोरियन चर्चचा विषय निघाला की गाडी रंगीत काचा, मनोरे आणि घंटा यांच्यापाशी येऊन थांबते. त्या चर्चच्या हद्दीत माणसं किती राहत होती, त्यांतली किती आत मावत होती आणि बसायचे पैसे कोण भरत होतं, हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. म्हणून हा धागा. उदाहरण उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सचं: तिथलं सेंट पीटर्स, म्हणजे २०१२ पासूनचं लीड्स मिन्स्टर.

आधी आकडे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. लीड्स पॅरिशची लोकसंख्या १८०१ मध्ये सुमारे ५३,०००, १८३१ मध्ये १,२३,०००, १८४१ मध्ये १,५२,०००. कापडगिरण्या आणि यंत्रांचे कारखाने येत गेले, माणसं येत गेली. कायद्याच्या नजरेत मात्र ही सगळी एकच पॅरिश आणि तिचा एकच व्हिकार, म्हणजे मुख्य पाळक. हन्स्लेट, होलबेक, आर्मली, ब्रॅमली, हेडिंग्ली ही आजूबाजूची गावंही त्यातच. तिथे छोटी चर्चं होती, पण हक्काच्या दृष्टीने ती मुख्य चर्चच्या पोटातली. लग्न लावायचं, फी घ्यायची, तर बहुतेक वेळा मुख्य चर्चच.

१८१८ च्या कायद्याने पार्लमेंटने नव्या चर्चांसाठी दहा लाख पौंड मंजूर केले. त्यातून लीड्सला तीन चर्चं मिळाली: मेडो लेनचं क्राइस्ट चर्च, क्वॉरी हिलचं सेंट मेरीज आणि वुडहाउसचं सेंट मार्क्स. इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांना स्वतंत्र पॅरिशचे हक्क नव्हते. पाळकाचा पगार बाकांच्या भाड्यावर. वस्ती गिरणी कामगारांची, भाडं भरणार कोण? भाड्याचे बाक रिकामे आणि फुकटचे बाक मागे, कोपऱ्यात. इमारतीला सरकारी पैसा मिळाला, पगाराला नाही. घोडं तिथेच अडलं.

१८३७ मध्ये वॉल्टर फार्कर हूक व्हिकार झाले. त्याआधी ते कॉव्हेंट्रीला होते. लीड्सची नेमणूक कोणा जमीनदाराच्या किंवा बिशपच्या हातात नव्हती, २५ विश्वस्त मतदान करून व्हिकार निवडत. हूक आले तेव्हा पाळकांचे पांढरे झगे फाटलेले, प्रार्थनेची पुस्तकं जीर्ण, आणि चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा खर्च सांभाळणारे पदाधिकारी, एक पैसा सोडायला तयार नाहीत. का, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो.

---

गावकूस

चर्चवॉर्डन पैसा का सोडत नव्हते: इमारतीची डागडुजी आणि उपासनेचं सामान यांचा खर्च 'चर्च रेट'मधून व्हायचा. हा कर पॅरिशमधल्या मालमत्तेवर, म्हणजे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, क्वेकर सगळ्यांवर. पण तो बसवायचा तर पॅरिशच्या सभेत, व्हेस्ट्रीत, मंजूर व्हायला हवा. सभेला करदाता कोणीही येऊ शकतो आणि चर्चवॉर्डनही तीच सभा निवडते. लीड्समध्ये इतर पंथांचं बळ इतकं की इथला खरा प्रस्थापित धर्म मेथडिझमच आहे, असं हूकनेच म्हणून ठेवलं आहे. त्यामुळे कर कमीत कमी ठेवू, जमल्यास शून्यावर आणू, असं सांगूनच वॉर्डन निवडून यायचे. १८४० च्या दशकात तर कामगारांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतले लोक वॉर्डन झाले, आणि गंमत म्हणजे हूकचं त्यांच्याशी आधीच्यांपेक्षा बरं जमलं.

म्हणूनच नव्या इमारतीचा २९,७७० पौंडांचा खर्च करातून झाला नाही, तो सगळा वर्गणीतून उभा राहिला. सक्तीचा चर्च रेट देशभर रद्द झाला तो १८६८ मध्ये.

---

चुनखडी

चांगला विषय. इमारतीबद्दल थोडी भर.

मूळ बेत पाडापाडीचा नव्हताच. जुनं मध्ययुगीन चर्च आतून मोकळं करायचं, जास्त माणसं बसवायची, एवढंच. १८३८ मध्ये काम उघडल्यावर मनोऱ्याच्या आधारांची अवस्था दिसली आणि सगळंच नव्याने बांधायचं ठरलं. असे मध्ययुगीन खांब बाहेरून घडीव दगडाचे आणि आत दगडगोटे नि चुन्याचा भराव असे असतात. भरावातला चुना कमकुवत असला किंवा पाण्याने वाहून गेला की सगळं वजन बाहेरच्या कातळावर येतं. मग कातळ उभा तडकतो. उभी चीर हीच धोक्याची खूण. आडव्या सांध्यातली भेग बहुतेक वेळा नुसती दर्ज भरून भागते, उभ्या चिरेला वरून गिलावा करणं म्हणजे रोग झाकणं.

वास्तुरचनाकार रॉबर्ट डेनिस चँट्रेल, लंडनचे वास्तुरचनाकार जॉन सोन यांचा शिष्य. मेडो लेनचं क्राइस्ट चर्चही त्याचंच. नवं चर्च १८० फूट लांब, ८६ फूट रुंद. मनोरा १३९ फूट, आणि तो मध्यभागी न घेता उत्तर बाजूच्या मधोमध. मधल्या मनोऱ्याला लागणारे चार जाडजूड खांब टळले की नेव्हमधून, म्हणजे मंडळी बसते त्या मुख्य दालनातून, वेदीपर्यंत नजर सरळ जाते. तिथे वेदी पायऱ्यांवर उंच घेतली आहे, हूकला ती लांबूनही दिसायला हवी होती.

नेव्हमध्ये गॅलऱ्या आहेत. १८३९ मध्ये केंब्रिजला जी चर्चवास्तू-मंडळी उभी राहिली त्यांना गॅलरी म्हणजे पाप वाटायचं. पण संख्या बघा. त्या काळी माणशी साधारण २० इंच बाक धरत. म्हणजे २० फुटांच्या बाकावर १२ माणसं. जमिनीवर जागा संपली की वर चढण्याला पर्याय नाही. गॅलरीचे तोटे तीन: खालच्या बाकांवर अंधार, खिडकीची उंची मधूनच कापली जाते, आणि तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे ओल धरून लाकूड कुजतं. तिसरा तोटा सगळ्यात महाग. तपासायचं असेल तर टोकाशी बारीक सळई टोचून बघतात. निरोगी लाकडात ती दोन-तीन मिलिमीटर जाते, कुजलेल्यात सहज घुसते.

जुना मनोरा पाडताना भिंतीत कोरीव दगडांचे तुकडे मिळाले. ते नॉर्मन काळाआधीच्या क्रुसाचे होते. त्यावर उडणारा लोहार वायलंड कोरलेला आहे, म्हणजे ख्रिस्ती क्रुसावर जर्मानिक दंतकथा. चँट्रेल ते तुकडे स्वतःबरोबर दक्षिणेला घेऊन गेला. पुढे जॉन गॉट व्हिकार असताना ते परत आले, आज क्रूस चर्चमध्येच उभा आहे.

---

तिरकस

एक शंका. २ सप्टेंबर १८४१ ला थाटात उद्घाटन झालं, न्यू जर्सीचे बिशप डोन अटलांटिक ओलांडून प्रवचनाला आले, लंडनच्या सेंट पॉल्सनंतर इंग्लंडमध्ये एवढं मोठं नवं चर्च नव्हतं म्हणतात. ठीक. पण दीड लाखांच्या पॅरिशला दोन-अडीच हजार जागा म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. मग एवढा खर्च करून काय साधलं?

---

गावकूस

तिरकसराव, नेमकं तिथेच बोट ठेवलंत. हूकलाही हे दिसत होतं, आणि त्याचा पुढचा डाव मला इमारतीपेक्षा मोठा वाटतो. १८४४ चा लीड्स व्हिकारेज कायदा. त्याने आपल्याच पॅरिशचे तुकडे करायला पार्लमेंटकडून परवानगी आणली.

यंत्रणा अशी. हद्दीतल्या इतर चर्चांना स्वतंत्र पॅरिश करायचं, त्यांच्या पाळकांना व्हिकारचा दर्जा द्यायचा. मात्र त्या चर्चच्या तळमजल्यावरचे बाक सगळ्यांना मोफत हवेत. गरिबाला मागच्या कोपऱ्यात ढकलायचं नाही, ही अट कायद्यातच घातली. बदल्यात मुख्य चर्चच्या व्हिकारने त्या भागावरचे हक्क आणि तिथून येणारं उत्पन्न सोडायचं. हे हूकने स्वतःच्या कारकिर्दीत सोडलं, पुढच्याच्या गळ्यात बांधलं नाही.

तो १८५९ मध्ये चिचेस्टरच्या कॅथीड्रलचा (बिशपच्या मुख्य चर्चचा) प्रमुख, म्हणजे डीन, होऊन गेला तोवरचा हिशेब त्याच्या चरित्रात आहे: चर्चं १५ ची ३६, शाळा ३ च्या ३०, पाळकांची घरं ६ ची २९. मला यातला घरांचा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. चर्च बांधायला देणगीदार मिळतो, नावाची पाटी लागते. पाळकाच्या घराला पाटी लागत नाही. पण घर नसेल तर पाळक चांगल्या वस्तीत भाड्याने राहतो आणि रविवारपुरता येतो.

---

तिरकस

मान्य, पण त्याला नुसतं दानशूर ठरवू नका. दीड लाख लोकांच्या लग्नांचा, बाप्तिस्म्यांचा, अंत्यविधींचा भार एका चर्चवर असणं म्हणजे दिवसभर रांगा. काम वाटून टाकण्यात त्याचाही सुटकेचा श्वास असणारच. शिवाय १८४३ चा पंतप्रधान पील यांचा कायदा आधीच आला होता. त्यात किमान २,००० वस्तीचा जिल्हा इमारत नसतानाच आखता येत होता, पाळकाला वर्षाला १०० पौंड, चर्चची प्रतिष्ठापना झाली की १५०. हूक एकटाच काळाच्या पुढे होता असं नाही.

आणि चुनखडी, तुमच्या खांबांवरून आठवलं. हूक चिचेस्टरला गेल्यावर दोनच वर्षांत, २१ फेब्रुवारी १८६१ ला, तिथल्या कॅथीड्रलचं शिखर सरळ खाली बसलं. कारण तेच ना?

---

चुनखडी

हो, तोच भराव. आतला दगडी पडदा काढल्यावर खांबांचं खरं रूप उघडं पडलं, टेकू लावेपर्यंत वेळ राहिली नाही. शिखर आडवं कोसळलं नाही, दुर्बीण मिटावी तसं आपल्याच जागी खाली गेलं. वास्तुरचनाकार गिल्बर्ट स्कॉटने १८६६ पर्यंत पुन्हा उभं केलं. लीड्सला आधीच पाडायचं ठरवलं ते शहाणपणच म्हणायचं.

पीलच्या कायद्याबद्दल तिरकस यांचं बरोबर आहे. फरक एवढाच की तो कायदा नव्या जिल्ह्यांची सोय करतो, जुन्या मुख्य चर्चचे हक्क सरसकट मोडत नाही. ते देशभर व्यवस्थित लागलं १८५६ च्या ब्लँडफर्ड कायद्याने. लीड्सने बारा वर्षं आधी स्वतःपुरतं करून घेतलं.

---

नोंदवही

ज्यांना अशा पॅरिशच्या नोंदींवर काम करायचं आहे त्यांच्यासाठी. पॅरिश तुटते तेव्हा नोंदवह्याही तुटतात, आणि तिथेच बहुतेकांचा शोध फसतो.

१. आधी पत्ता पक्का करा, चर्च नंतर. १८५१ पासून जनगणनेच्या पानाच्या वरच्या पट्टीत धार्मिक जिल्ह्याचा रकाना आहे. तो भरलेला असेल तर अर्धं काम झालं.

२. त्या जिल्ह्याला स्वतंत्र हक्क कधी मिळाले ते बघा. इमारतीचं वर्ष आणि लग्नं लावायला लागल्याचं वर्ष वेगळं असतं. चर्च १८४५ चं असलं तरी लग्नं त्याच वर्षी तिथे लागत असतील असं धरू नका.

३. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एकाच चर्चमध्ये शोधू नका. नवं चर्च बाप्तिस्मा लगेच द्यायला लागतं. लग्न उशिरा. दफन कदाचित कधीच नाही, कारण त्याला स्मशानभूमीच नसते.

४. छापील नमुने ओळखा. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या वहीत एका पानावर ८ नोंदी, दफनाच्याही ८. लग्नाच्या वहीत जुलै १८३७ पासून पानाला २ नोंदी आणि दोघांच्या वडिलांची नावं-व्यवसाय. म्हणजे १८३६ च्या लग्नातून बाप सापडणार नाही, १८३८ च्या लग्नातून सापडेल.

५. 'याच पॅरिशचा रहिवासी' या शब्दांवर फार विसंबू नका. १८४४ च्या आधी लीड्समध्ये त्याचा अर्थ तीस चौरस मैलांहून मोठ्या मुलखातला कोणीही.

६. मूळ वही खराब असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल बघा. लीड्स १८३६ पर्यंत यॉर्क डायोसीसमध्ये (बिशपच्या प्रांतात), त्यानंतर रिपनमध्ये. चुकीच्या दप्तरात शोधून 'नोंद नाही' म्हणणारे खूप आहेत.

आपल्याकडच्या शोधालाही हेच तत्त्व लागतं. मुंबई इलाख्यातल्या अँग्लिकन चर्चांच्या वार्षिक नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत, बंगाल एन/१, मद्रास एन/२. पुण्याच्या किंवा मुंबईच्या १९ व्या शतकातल्या लग्नाची वही इथे सापडत नसेल तर नक्कल तिथे असण्याची शक्यता बरीच. मुंबई डायोसीस १८३७ ची, म्हणजे हूक लीड्सला आला त्याच वर्षाची. त्याआधी मुंबई कलकत्त्याच्या बिशपखाली होती.

---

पानसुपारी

नोंदवही, क्र. ३ सोन्यासारखा. १८५१ च्या धर्मगणतीबद्दलही लिहा ना. आकडे कुठे खूप मोठे, कुठे अगदीच किरकोळ दिसतात.

---

नोंदवही

ती ३० मार्च १८५१ च्या रविवारची. फॉर्मवर सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी वेगवेगळी हजेरी आणि मोफत नि राखीव जागांची संख्या. घोळ असा की एकच माणूस दिवसात तीनदा गेला तर तीनदा मोजला जातो. या गणतीचा अहवाल लिहिणारे होरेस मान यांनी अंदाज काढताना सकाळची हजेरी पूर्ण, दुपारची निम्मी, संध्याकाळची एक तृतीयांश धरली. यात संध्याकाळी गर्दी करणारे मेथडिस्ट मार खातात. उदाहरणार्थ सकाळ ३००, दुपार १००, संध्याकाळ ६०० असेल तर मान यांचा आकडा ३०० + ५० + २०० = ५५०. पण एकट्या संध्याकाळीच ६०० माणसं प्रत्यक्ष हजर होती! म्हणून तुलना करताना सर्वाधिक हजेरीची वेळ घ्या आणि बेरीज बाजूला ठेवा. शून्याने संपणारे आकडे दिसले तर ते मोजलेले नसून नजरेच्या अंदाजाने लिहिलेले समजा.

---

सूरपेटी

संगीताकडे कोणी वळलंच नाही म्हणून लिहिते. या चर्चने नेहमीच्या पॅरिश चर्चमध्ये कॅथीड्रलसारखी गायनमंडळी बसवली: पांढरे झगे घातलेले पुरुष आणि मुलगे वेदीजवळच्या बाकांवर समोरासमोर, रोजची उपासना गाऊन. तोवर पॅरिश चर्चमध्ये गाणारे सहसा मागच्या गॅलरीत असत. पुढे व्हिक्टोरियन इंग्लंडभर हाच नमुना पसरला.

१८४२ मध्ये सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली ऑर्गनवादक म्हणून आले, वर्षाला २०० पौंडांच्या हमीवर. १८४९ मध्ये विंचेस्टरला गेले. माणूस तिरसट, मासेमारीचा नादिष्ट. १८४७ मध्ये मासे धरायला गेले असताना पाय मोडून घेतला.

गायक समोरासमोर बसण्याचा फायदा तालाचा. दोन्ही बाजू एकमेकांना ऐकतात, स्तोत्राच्या ओळी आळीपाळीने म्हणता येतात. तोटा असा की आवाज आडवा जातो, नेव्हमधल्या मंडळीकडे थेट जात नाही. गॅलऱ्या असलेल्या नेव्हमध्ये तर खालच्या बाकांना शब्द पुसट ऐकू येतात. म्हणून अशा चर्चमध्ये स्तोत्राच्या प्रत्येक ओळीच्या मध्यभागी एक ठोका पूर्ण थांबायचं असतं. घाईची मंडळी तो थांबा गिळते आणि मग नुसता गोंगाट होतो.

---

गावकूस

सूरपेटीताई, उत्तम. दफनाचा मुद्दा राहिला होता, कारण वाढत्या पॅरिशची खरी कोंडी तिथे होते.

चर्चच्या आवारात शतकानुशतकं दफन चाललेलं, जागा संपलेली. १८३२ च्या पटकीने आणखी भर घातली. १८४२ मध्ये लीड्सने स्वतःचा दफन कायदा करून घेतला आणि नगरपालिकेने १८४५ मध्ये बेकेट स्ट्रीटची दफनभूमी उघडली. निम्मी जमीन अँग्लिकन विधीने पवित्र केलेली, निम्मी इतर पंथांची. तिथल्या 'गिनी ग्रेव्ह' बघण्यासारख्या आहेत. एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग भरले की सामाईक थडग्यात जागा आणि दगडावर नाव. एकाच दगडावर पुढून-मागून दोन्हीकडे ओळीने नावं. एकमेकांशी काही नातं नाही, फक्त मरणाच्या तारखा लागून. आडनाव बघून कुटुंब जोडणाऱ्यांनी इथे जपून.

१८४९ च्या पटकीत लीड्समध्ये २,००० हून अधिक माणसं गेली. तेव्हा ईस्ट एंडच्या गिरणवस्तीत सेंट सेव्हियर्सचे पाळक घरोघर फिरत होते. ते चर्च १८४५ चं, ऑक्सफर्डचे धर्मपंडित प्युसी यांनी आपलं नाव झाकून बांधून दिलेलं. बांधणाऱ्या पाप्यासाठी प्रार्थना करा, असा लेख दारावर. हूकने आधी आनंदाने होकार दिला, पण तिथले पाळक एकामागून एक रोमन कॅथलिक व्हायला लागल्यावर हूक आणि प्युसी यांचं बिनसलं. १८४७ मध्ये एक खेप, १८५१ मध्ये दुसरी.

---

चुनखडी

आवारावरून रेल्वेचं सांगायलाच हवं. १८६९ मध्ये नव्या स्टेशनकडे जाणारा रुळांचा बांध थेट चर्चच्या दफनभूमीतून गेला. उचललेले थडग्यांचे दगड त्याच बांधाच्या उतारावर आडवे रचून ठेवले आहेत, आजही दिसतात. म्हणजे दगडाच्या जागेवरून खाली कोण पुरलंय ते ठरवता येत नाही. शोधणाऱ्याने दगडाचा मजकूर घ्यावा, जागा घेऊ नये.

आणि वाफेच्या इंजिनांची, गिरण्यांची काजळी. लीड्सचा बांधकामाचा दगड वाळूखडक, त्यावर काजळीचा पातळ काळा थर घट्ट बसतो. चुनखडीवर बसतो तसा फुगून निघणारा पापुद्रा नाही. तो काढायला आम्ल वापरलं की दगडातलं लोह बाहेर येऊन तपकिरी डाग पडतात. वाळूचा मारा केला तर कोरीव काम गोल होतं. अशा दगडाच्या दर्जा सिमेंटने भरणं ही तिसरी चूक: सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी सांध्यातून निघू शकत नाही, ते दगडातून निघतं आणि दगडाचीच कड झडते. चुन्याची दर्ज झिजू द्यावी, तिचं कामच ते.

---

तिरकस

हूकनंतरचे व्हिकार बघा. अ‍ॅटले हेरफर्डला, वुडफर्ड इलीला, गॉट ट्रुरोला, जेन चेस्टरला, टॅल्बट रॉचेस्टरला, सगळे बिशप म्हणून. पॅरिश तोडल्याने खुर्चीचं वजन काही कमी झालं नाही.

१८७० च्या दशकात वेदीमागची भिंतही सजली. वास्तुरचनाकार स्ट्रीटने आखलेला संगमरवर-अलाबास्टरचा पडदा, आणि १८७६ मध्ये व्हेनिसच्या साल्व्हियातींच्या कारखान्यातली मोझेकं.

---

पानसुपारी

एक प्रश्न, नोंदवही यांना. वधू हन्स्लेटची, वर होलबेकचा, लग्न १८४३ चं. दोन्ही ठिकाणच्या वह्या पाहिल्या, नाही मिळालं.

---

नोंदवही

१८४३ म्हणजे व्हिकारेज कायद्याच्या आधी. पहिला शोध सेंट पीटर्सच्याच लग्नाच्या वहीत. तिथे नसेल तर नोंदणी कार्यालय किंवा परवाना असलेलं इतर पंथाचं चॅपल, जुलै १८३७ नंतर ते शक्य आहे. सरकारी तिमाही सूचीत दोघांचा खंड आणि पान क्रमांक जुळतो का बघा. जुळला तरी एका पानाच्या क्रमांकाखाली एकाहून जास्त जोडपी असतात, त्यामुळे दाखला मागवून वडिलांची नावं तपासल्याशिवाय पक्कं धरू नका.